बिनतारी राऊटरची निवड

दूरच्या माणसाशी बोलावे ही मनुष्याची ओढ फार जुनी आहे. प्रथम जासुदांनी ती भागविली, पुढे टपालाने भागविली आणि त्यानंतर विजेच्या तारेने ते काम हाती घेतले. 'तार आली' एवढे दोन शब्द ऐकताच घरातील माणसांच्या काळजात धस्स होत असे. कारण तातडीचे, आणि पुष्कळदा दुःखाचे, वर्तमान तारेनेच येई. दीडशेहून अधिक वर्षे चाललेली ही तारसेवा जुलै २०१३ मध्ये भारतात बंद झाली. तोपर्यंत तिचे काम दुसऱ्या साधनांनी कितीतरी अधिक वेगाने करावयास प्रारंभ केला होता. आज शाळेचा अभ्यास, बँकेचा व्यवहार, शेतमालाचा भाव, रुग्णाच्या तपासणीचा अहवाल आणि परदेशी गेलेल्या मुलाचे मुखदर्शन, हे सारे अनेक घरांत एका लहानशा पेटीतून येते. त्या पेटीला राऊटर म्हणतात.

राऊटर विकत घ्यावयास गेले म्हणजे दुकानात नाना आकारांच्या आणि नाना किमतींच्या पेट्या मांडलेल्या दिसतात. एकीवर दोन अँटेना, तर दुसरीवर आठ. एकीवर १२०० हा आकडा, तर दुसरीवर ५४००. गोंधळलेला गिऱ्हाईक बहुधा दोहोंपैकी एक गोष्ट करतो: सर्वांत स्वस्त पेटी उचलतो, नाही तर सर्वांत मोठा आकडा पाहून पैसे मोजतो. या दोन्ही रीती सारख्याच अविचाराच्या आहेत. वहाण पायाच्या मापाने घ्यावयाची असते, तसा राऊटर घराच्या मापाने घ्यावयाचा असतो. हे माप कसे घ्यावे, हे कळण्यासाठी प्रथम त्या पेटीचे काम समजून घेतले पाहिजे.

राऊटर म्हणजे घरातील टपाल कचेरीच होय. इंटरनेटवरून येणारी चित्रे, पत्रे आणि आवाज अखंड येत नाहीत. त्यांचे लहान लहान तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यावर, पत्रावर असावा तसा, पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता असतो. बाहेरून आलेल्या तारेतून किंवा काचतंतूतून हे तुकडे राऊटरपाशी पोहोचतात. राऊटर प्रत्येकाचा पत्ता वाचतो आणि ज्या मोबाइलला अथवा संगणकाला तो तुकडा हवा असेल त्यालाच तो देतो. म्हणूनच आईने मागविलेले चित्र तिच्याच मोबाइलवर उमटते, शेजारी बसलेल्या मुलाच्या संगणकात शिरत नाही. जाणाऱ्या संदेशांचीही अशीच व्यवस्था राऊटर लावतो.

येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. राऊटर इंटरनेट उत्पन्न करीत नाही, तो केवळ वाटून देतो. गावातून घरापर्यंत आलेला नळ अर्ध्या इंचाचा असेल, तर आत कितीही मोठी तोटी बसविली तरी पाणी वाढत नाही. त्याचप्रमाणे सेवा पुरविणाऱ्याकडून घेतलेली जोडणी ५० मेगाबिटांची असेल, तर हजारांच्या आकड्याचा राऊटर आणूनही बाहेरून येणारा ओघ ५० मेगाबिटांचाच राहील. मेगाबिट हे माप दर सेकंदाला किती माहिती वाहते ते सांगते. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणून १०० मेगाबिटांच्या जोडणीतून एका सेकंदात साडेबारा मेगाबाइट माहिती येऊ शकते. स्वच्छ दिसणारा एक चित्रपाठ पाहावयास सुमारे ५ मेगाबिट पुरतात. घरात चार माणसे एकाच वेळी चार निरनिराळे पाठ पाहत बसली, तरी सुमारे २० मेगाबिटांत त्यांचे काम भागते. तेव्हा पहिला प्रश्न दुकानदाराला नव्हे, तर स्वतःला विचारावयाचा: आपल्या घरात एका वेळी किती माणसे आणि कोणते काम करतात?

पेटीपर्यंतचा प्रवास तारेतून झाला. पेटीपासून मोबाइलपर्यंतचा प्रवास मात्र कोणत्याही तारेवाचून होतो. तो विद्युत्-चुंबकीय लहरींच्या साहाय्याने होतो. अशा लहरी असतात आणि त्या प्रकाशाच्या वेगाने जातात, हे स्कॉटलंडच्या जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात गणिताच्या आधारे मांडले. जर्मनीतील हाइनरिश हर्ट्‌झ यांनी पुढे १८८७-८८ च्या सुमारास प्रयोगशाळेत त्या लहरी प्रत्यक्ष निर्माण करून दाखविल्या. कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये अशाच अदृश्य लहरींच्या योगाने दूर ठेवलेली घंटा वाजविली व बंदुकीची दारू पेटविली. त्यांच्या लहरींची लांबी मिलिमीटरांत मोजण्याइतकी लहान होती, आणि तरीही त्या भिंतीमधून पार गेल्या. आज घरातील राऊटर जे करतो, त्याचे मूळ अशा प्रयोगांत आहे.

लहर एका सेकंदात जितकी कंपने पावते, तिला वारंवारता म्हणतात. वारंवारतेच्या एककास हर्ट्‌झ यांचेच नाव दिलेले आहे. एका सेकंदात शंभर कोटी कंपने झाली, तर ती वारंवारता एक गिगाहर्ट्‌झ होते. घरगुती राऊटर मुख्यतः दोन पट्ट्यांत काम करतात: एक २.४ गिगाहर्ट्‌झचा आणि दुसरा ५ गिगाहर्ट्‌झचा. जो राऊटर दोन्ही पट्ट्यांत एकाच वेळी बोलू शकतो, त्याला द्विपट्टा राऊटर, किंवा बाजारच्या बोलीत ड्युअल-बँड राऊटर, म्हणतात. लहर सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर धावते. या वेगाला कंपनांच्या संख्येने भागले म्हणजे लहरीची लांबी मिळते. पहिल्या पट्ट्यातील लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या वितीच्या आसपास भरते. दुसऱ्या पट्ट्यातील लहर सुमारे सहा सेंटिमीटरांची, म्हणजे तीन बोटांएवढी असते.

हा लहानमोठेपणा दिसावयास क्षुल्लक, परंतु परिणामाने मोठा आहे. गणेशोत्सवात ढोलताशांचे पथक दोन गल्ल्या पलीकडे असते, तेव्हा बंद दारातूनही ढोलाचा घुमारा आत येतो. ताशाची तडतड मात्र पथक घराच्या जवळ आल्यावरच स्पष्ट ऐकू येते. कमी वारंवारतेचा नाद भिंती ओलांडतो, अधिक वारंवारतेचा नाद वाटेतच जिरतो. ध्वनी आणि बिनतारी लहरी यांची जात वेगळी असली, तरी या बाबतीत दोहोंची तऱ्हा मिळतीजुळती आहे. २.४ गिगाहर्ट्‌झची लहर ढोलासारखी होय: ती भिंतींतून पुष्कळ दूरवर पोहोचते. ५ गिगाहर्ट्‌झची लहर ताशासारखी होय: तिचा पल्ला आखूड असतो आणि जाड भिंतीपुढे ती लवकर थकते. परंतु तिच्या पट्ट्यात जागा विपुल असल्यामुळे जवळच्या जवळ ती कितीतरी अधिक माहिती वाहून नेते. एकीजवळ पल्ला आहे, दुसरीजवळ वेग आहे. दोन्ही गुण पुरेपूर एकीतच मिळावेत, ही सोय निसर्गाने ठेवलेली नाही. म्हणून शहाण्या माणसांनी दोघींना एका पेटीत नांदावयास लावले.

पहिल्या पट्ट्याची आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे गर्दी. आपल्या देशात हा पट्टा २४०० पासून २४८३.५ मेगाहर्ट्‌झपर्यंत पसरला आहे. त्यात तेरा मार्ग आखलेले असून त्यांना चॅनेल म्हणतात. दोन शेजारी चॅनेलांत अंतर अवघे ५ मेगाहर्ट्‌झ असते, आणि एका राऊटरला बोलावयास तर सुमारे २० मेगाहर्ट्‌झ रुंदी लागते. त्यामुळे तेरा मार्ग दिसत असले, तरी एकमेकांच्या अंगावर न येता एका वेळी जेमतेम तीनच चालू शकतात. बहुधा पहिला, सहावा आणि अकरावा. एका ओसरीवर तीन वर्ग भरवावेत आणि चौथ्याने येऊन मोठ्याने पाढे म्हणावयास लागावे, म्हणजे जे होईल तेच येथे होते. शिवाय ब्लूटूथची साधने याच पट्ट्यात बोलतात, आणि अन्न तापविणारी मायक्रोवेव्ह भट्टीदेखील २.४५ गिगाहर्ट्‌झवर चालते. तिच्यातून निसटलेला अल्पसा अंशही जवळच्या राऊटरच्या बोलण्यात व्यत्यय आणतो. चाळीत किंवा दाट वस्तीच्या इमारतीत, जेथे प्रत्येक बिऱ्हाडात एक राऊटर असतो, तेथे ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा फार उपयोगी पडतो. त्यातील मार्ग अधिक असतात, आणि शेजाऱ्याच्या लहरी भिंतीपाशीच अडत असल्यामुळे एकाचा त्रास दुसऱ्याला कमी होतो.

हे पट्टे कोणा एकाच्या मालकीचे नाहीत. भारत सरकारने २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा आणि २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्‌झच्या आसपासचा विस्तृत पट्टा, लहरींच्या शक्तीवर मर्यादा घालून, परवान्यावाचून वापरण्यास मोकळा केला. गावच्या पाणवठ्यासारखेच हे आहे: पाणी सर्वांचे, पण कोणीही घागरीवर घागरी भरीत राहून दुसऱ्याला ताटकळत ठेवू नये. राऊटरांना घालून दिलेली रीतही अशीच सभ्यतेची आहे. प्रत्येक साधन बोलण्यापूर्वी मार्ग मोकळा आहे की नाही ते ऐकते. दुसरे कोणी बोलत असेल तर क्षणभर थांबते, आणि मग बोलते. म्हणून एकाच मार्गावर साधने वाढली, की प्रत्येकाच्या वाट्याला थांबणे अधिक येते. लोक त्याला 'नेट हळू झाले' असे म्हणतात.

आता घराच्या भिंतींचा विचार करावयाचा. लाकडी फळी, काच आणि पातळ विटांची भिंत यांतून लहर बऱ्याच अंशी पार जाते. मातीच्या जाड भिंती, जांभा दगड आणि लोखंडी सळ्या घातलेली सिमेंटची छते यांनी तिची बरीच शक्ती शोषली जाते किंवा अडते. लोखंडी कपाट, पत्रा आणि मागे धातूचा लेप असलेला आरसा यांवरून ती परत फिरते. पाण्याने भरलेली टाकीही तिला गिळून टाकते. म्हणून राऊटर कपाटात, दूरदर्शन संचाच्या मागे किंवा जमिनीवर ठेवू नये. घराच्या मध्यभागी, माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर, उघड्या जागी ठेवावा. त्याच्या दांड्यासारख्या अँटेना उभ्या केल्या म्हणजे लहरी मुख्यत्वे आडव्या दिशेने चोहीकडे पसरतात. एका मजल्याच्या घरात अशी उभी मांडणीच सोयीची ठरते.

घरातील वस्तूंवरून लहरी परावर्तित होतात, त्यामुळे एकच संदेश मोबाइलपाशी अनेक वाटांनी, थोड्या थोड्या अंतराने येतो. डोंगरदरीत हाक मारली म्हणजे प्रतिध्वनींच्या गलक्यात मूळ शब्द हरवतो, तशी ही अडचण होती. ती सोडविण्यात ऑस्ट्रेलियातील जॉन ओसलिव्हन आणि त्यांचे सहकारी यांचा मोठा वाटा आहे. ओसलिव्हन हे मूळचे आकाशातील रेडिओ लहरींचा अभ्यास करणारे. १९७० नंतरच्या दशकात त्यांनी सूक्ष्म कृष्णविवरांच्या स्फोटांपासून येऊ शकणाऱ्या क्षीण लहरींचा शोध घेतला. त्या लहरी सापडल्या नाहीत. परंतु त्या शोधात हाताळलेले गणित पुढे घरातील प्रतिध्वनींचा गोंधळ निस्तरण्यास उपयोगी पडले, आणि त्यांच्या संस्थेला १९९६ मध्ये त्या पद्धतीचे अमेरिकन पेटंट मिळाले. आकाशात हाती न लागलेल्या गोष्टीच्या शोधाने स्वयंपाकघरातील बोलणे सुकर केले. ज्ञानासाठी केलेले श्रम वाया जात नाहीत, ते असे.

या सर्व गोष्टी व्यवहारात कशा उतरतात, हे पाहण्यासाठी कोकणातील एका घराची कल्पना करू. घर जांभ्या दगडाचे असून भिंती फूटभर जाडीच्या आहेत. पुढच्या पडवीत वडिलांचे लहानसे कार्यालय आहे. तेथे ते लोकांचे सरकारी अर्ज भरून देतात. मधे माजघर आणि मागे मुलीच्या अभ्यासाची खोली. जुना, एकाच पट्ट्याचा राऊटर पडवीच्या कोपऱ्यात, जेथे बाहेरची तार आत येते तेथेच, टांगलेला आहे. मुलीच्या खोलीत पाठ वारंवार अडतो. पडवीतही एक दिवस असा येतो, की शिष्यवृत्तीच्या अर्जाची अखेरची तारीख असताना रांगेतील माणसांचे मोबाइल त्याच राऊटरला जोडलेले असतात, आणि एका गरीब विद्यार्थ्याचा अर्ज पाठविता पाठविता रात्रीचे साडेअकरा वाजतात. वडील ठरवितात, की दुकानातील आठ अँटेनांचा, सर्वांत महाग राऊटर घ्यावयाचा. त्याची किंमत म्हणजे कार्यालयाची जवळजवळ एका महिन्याची मिळकत!

मुलगी मात्र मोबाइल हातात घेऊन खोल्याखोल्यांतून फिरते आणि प्रत्येक ठिकाणी मिळणारा वेग वहीत टिपते: पडवीत ४० मेगाबिट, माजघरात २२ आणि मागच्या खोलीत अवघे ४.

"बाबा, नवा राऊटर आणण्याआधी जुन्याची जागा बदलून पाहू या का?" ती विचारते.

"अगं, पण तार तर पडवीतच येते ना?"

"तार वाढवता येईल, बाबा. भिंती काही पातळ करता यायच्या नाहीत."

वडिलांना हसू येते, पण म्हणणे पटते. अशी संदेशवाहक तार शंभर मीटरपर्यंत नेली तरी चालते. येथे तर बारा मीटर पुरते. राऊटर माजघरात येतो. मुलगी पुन्हा मोजते: माजघरात ४०, पडवीत २४, मागच्या खोलीत १८. पेटी तीच, जोडणी तीच. केवळ जागा बदलल्याने अभ्यासाच्या खोलीची अडचण दूर झाली. उरली ती कार्यालयातील गर्दी. तिच्यासाठी वडील मध्यम किमतीचा द्विपट्टा राऊटर आणतात. माजघरातील मोबाइल ५ गिगाहर्ट्‌झवर जातात, भिंतीपलीकडची मागची खोली २.४ गिगाहर्ट्‌झवर राहते, आणि अर्ज पाठविणारा संगणक सरळ तारेने जोडला जातो. कारण जी वस्तू जागची हलत नाही तिला तार द्यावी आणि हवेतील वाट हलणाऱ्या वस्तूंसाठी मोकळी ठेवावी, हे केव्हाही हिताचे. महाग राऊटर आणून तो पडवीतच टांगला असता, तर मागच्या खोलीपुढील दोन भिंती जेथल्या तेथेच राहिल्या असत्या.

घर दोन-तीन मजल्यांचे असेल, तर मात्र एकाच पेटीकडून सर्वत्र पोहोचण्याची अपेक्षा करू नये. तेव्हा प्रत्येक मजल्यावर एक अशी जुळी साधने बसवितात; त्या मांडणीला मेश म्हणतात. ती साधने शक्य तोवर तारेने एकमेकांस जोडावीत. ती हवेतूनच जोडली, तर एकच संदेश हवेतून दोनदा न्यावा लागतो, आणि बहुधा वेगाचा बराच भाग त्यातच खर्ची पडतो.

आता पेटीवरील आकड्यांकडे वळू. १२०० हा आकडा घेऊ. तो एका वेगाचा नसून दोन वेगांच्या बेरजेचा असतो: २.४ गिगाहर्ट्‌झवर जास्तीत जास्त ३०० मेगाबिट आणि ५ गिगाहर्ट्‌झवर जास्तीत जास्त ८६७. बेरीज होते ११६७, आणि ती सोयीसाठी १२०० अशी लिहितात. सर्वसाधारण मोबाइल एका वेळी एकाच पट्ट्यावर बोलतो, म्हणून ही बेरीज कोणाच्याच हाती येत नाही. त्यातही हे वेग आदर्श परिस्थितीतील. थांबणे, पोच देणे, चुकलेला तुकडा पुन्हा पाठविणे यांत त्यांचा मोठा भाग जातो. मागील बाजूस तार जोडण्याची जी खाचे असतात, ज्यांना पोर्ट म्हणतात, त्यांचा वेगही पाहावा. काही स्वस्त राऊटरांत पोर्ट १०० मेगाबिटांचेच असते. जोडणी २०० मेगाबिटांची घेतली आणि पोर्ट १०० चे असले, तर निम्मे पाणी दारातच अडते. अशा जोडणीसाठी १००० मेगाबिटांचे, म्हणजे गिगाबिट पोर्ट असलेलाच राऊटर घ्यावा. अँटेनांच्या केवळ संख्येवरून कोणतीही गोष्ट सिद्ध होत नाही, हेही लक्षात असावे.

पेटीवर राऊटरची पिढीही छापलेली असते. बिनतारी जोडणीचे पहिले प्रमाण १९९७ मध्ये ठरले, आणि वाय-फाय हे तिचे नाव त्यानंतर रूढ झाले. आज ज्याला वाय-फायची चौथी पिढी म्हणतात ते प्रमाण २००९ चे. ते दोन्ही पट्ट्यांत चालते. २०१३ ची पाचवी पिढी केवळ ५ गिगाहर्ट्‌झवर चालते. त्या पिढीचा द्विपट्टा राऊटर २.४ गिगाहर्ट्‌झवर चौथ्या पिढीचीच रीत वापरतो. २०२१ मध्ये मंजूर झालेली सहावी पिढी पुन्हा दोन्ही पट्ट्यांत चालते, आणि तिचा विशेष हा, की एकच मार्ग ती एका वेळी अनेक साधनांना वाटून देऊ शकते. ज्या घरात वा कार्यालयात साधने पुष्कळ आहेत, तेथे तिचा लाभ होतो. त्यानंतर सातवी पिढीही बाजारात आली आहे. परंतु राऊटर नव्या पिढीचा आणि मोबाइल मात्र जुन्या पिढीचा असेल, तर दोघांचे संभाषण जुन्या पिढीच्याच रीतीने होते. एकाला संस्कृत येते आणि दुसऱ्याला केवळ मराठी, तर बोलणे मराठीतच व्हावयाचे. म्हणून घरातील साधने कोणत्या पिढीची आहेत, ते पाहूनच पेटी निवडावी.

वेगाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व सुरक्षिततेला आहे. तारेतून जाणारे बोलणे चोरावयास तारेपर्यंत जावे लागते; हवेतून जाणारे बोलणे मात्र कुंपणाबाहेर उभे राहूनही ऐकता येते. यासाठी बिनतारी संदेश गुप्त लिपीत पाठविले जातात. प्रारंभीची गुप्त लिपी कच्ची होती आणि २००१ च्या सुमारास ती फोडता येते हे सिद्ध झाले. २००४ पासून डब्ल्यूपीए-२ ही बळकट रीत आली आणि २०१८ मध्ये तिच्याहून बळकट डब्ल्यूपीए-३ जाहीर झाली. नवा राऊटर घेताना तो डब्ल्यूपीए-३ जाणतो की नाही, ते पाहावे. निदान डब्ल्यूपीए-२ वाचून तरी काम चालवू नये. पेटीसोबत आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. राऊटरच्या आतील व्यवस्था बदलण्याचा जो वेगळा पासवर्ड असतो, तोही बदलावा. पुष्कळ लोक नेमका तोच विसरतात. पासवर्ड लांब असावा, आणि त्यात घरातील कोणाचे नाव अथवा जन्मतारीख नसावी. कार्यालयात येणाऱ्या पाहुण्यांसाठी अतिथी जाळे म्हणून वेगळी सोय राऊटरमध्ये असते, ती वापरावी. ओटीवर बसलेल्या पाहुण्याला आपण पाणी देतो, परंतु तिजोरीची किल्ली देत नाही. वर कल्पिलेल्या कार्यालयात तर लोकांचे दाखले आणि बँकांचे क्रमांक असतात. ते कागद दुसऱ्यांचे आहेत आणि विश्वासाने सोपविलेले आहेत. त्यांची राखण हे त्या कार्यालयाचे कर्तव्य ठरते. ज्या कंपनीकडून राऊटरमधील दोष दुरुस्त करणाऱ्या सुधारणा वर्षानुवर्षे मिळत राहतात, तिची पेटी थोडी महाग असली तरी अखेरीस स्वस्तच पडते.

विजेचाही थोडा विचार करावा. साधारण १० वॅटचा राऊटर रात्रंदिवस चालू राहिला, तर वर्षाला सुमारे ८८ युनिट वीज खातो. वीज गेली की राऊटर बंद पडतो आणि चालू असलेले काम तुटते. कित्येक राऊटर १२ व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर चालतात; त्यांना जोडता येईल अशी लहान बॅटरी बाजारात मिळते. जेथे वारंवार वीज जाते, तेथे महाग राऊटरपेक्षा साधा राऊटर आणि ही बॅटरी यांची जोडी अधिक उपयोगाची. वळवाच्या पावसात विजा कडकडू लागण्यापूर्वीच राऊटरची विजेची व बाहेरची तार काढून ठेवावी. आकाशातील विजेचा धक्का या दोन्ही वाटांनी आत येऊ शकतो. काचतंतूतून मात्र वीज वाहत नाही.

तेव्हा राऊटर निवडण्याचा क्रम असा राहतो. प्रथम गरज मोजावी: माणसे किती, साधने किती आणि बाहेरची जोडणी केवढी. नंतर घर पाहावे: भिंती कशाच्या, मजले किती, शेजार किती दाट. मग आहे त्या राऊटरची जागा बदलून पाहावी. पुष्कळदा येथेच प्रश्न सुटतो आणि पैसे वाचतात. तरीही नवा घ्यावा लागला, तर दोन्ही पट्टे, योग्य पोर्ट, घरातील साधनांना साजेशी पिढी आणि बळकट सुरक्षितता या चार गोष्टी तपासाव्यात, व त्यानंतरच किंमत विचारावी. दूरचा कोपरा २.४ गिगाहर्ट्‌झकडे आणि जवळचे वेगाचे काम ५ गिगाहर्ट्‌झकडे सोपवावे. लहरी डोळ्यांना दिसत नाहीत. परंतु मोजपट्टी, वही आणि थोडा धीर असला, तर अकरा वर्षांचे मूलदेखील आपल्या घरातील त्यांच्या वाटा कागदावर उतरवू शकते. असा एक कागद हाती असला, म्हणजे दुकानातील मोठ्या आकड्यांची भुरळ पडत नाही.